विनातारण

आपल्याकडची भुतं मुळात गरीब स्वभावाची. नारळ, लिंबू, दहीभात, फार तर एखादा कोंबडा, यापलीकडे त्यांची मागणी जात नाही. अमावास्येला वेळेवर उतारा मिळाला की पिढ्यान् पिढ्या समाधानात राहतात. कोकणात तर वर्षाची राखण दिली की तीच मंडळी उलट घराची रखवाली करतात. करार तोंडी, व्यवहार रोखीचा आणि दोन्ही पक्ष एकमेकांना ओळखून असतात. त्यामुळे अमेरिकन मालिकेतली भुतं पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांच्या दातांचं मला काही वाटलं नाही. मी थक्क झालो तो त्यांची कागदपत्रं पाहून.

मालिकेचं नाव 'सुपरनॅचरल'. १३ सप्टेंबर २००५ला सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर २०२०ला संपली. पंधरा पर्वं, ३२७ भाग. एवढ्या काळात माणूस गृहकर्ज फेडून मोकळा होतो. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ १९६७ सालच्या काळ्या इम्पाला गाडीत बसून अमेरिकाभर हिंडतात आणि वाटेत भेटेल त्या पिशाच्चाला मीठ, लोखंड, पवित्र पाणी व लॅटिन मंत्र यांच्या साहाय्याने मार्गी लावतात. कन्या हे सगळं लॅपटॉपवर बघत होती. मीठ आणि लोखंड पाहून आमच्या मातोश्रींना फार आपलेपणा वाटला. "पोरं संस्कारी आहेत हो," असं म्हणून त्या जपाला गेल्या. मी मात्र बसलो तो बसलोच.

या मालिकेत ख्रिस्ती अध्यात्म भरलेलं आहे असं पुष्कळांना वाटतं. वाटायला जागा आहे. देवदूत आहेत, ल्यूसिफर आहे, जगबुडीचे सहासष्ट शिक्के आहेत, लाजरसाच्या नावाचा भाग आहे. पण मी पडलो बी.कॉम. धर्मशास्त्रातलं मला कळत नाही, कर्जखात्यातलं कळतं. आणि ही मालिका मुळात कर्जखात्यावर उभी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे असं पाहा. चौरस्त्याच्या मध्यभागी एक डबा पुरायचा. त्यात आपला फोटो, स्मशानातली माती आणि काळ्या मांजराचं हाड. (फोटो एकच लागतो. आमच्याकडे दोन लागतात, शिवाय आधार कार्डाची प्रत.) डबा पुरला की सैतानाचा अधिकारी हजर. मागाल ते मिळेल. मुदत दहा वर्षं. तारण म्हणून आत्मा. सहीच्या जागी चुंबन घेतात. ती पद्धत आपल्याकडे रुजेल असं वाटत नाही, विशेषतः मार्चएन्डला. दहा वर्षं भरली की नरकाचे कुत्रे वसुलीला येतात. हप्ते पाडून मिळत नाहीत.

आता विंचेस्टर घराण्याचा खातेउतारा बघा. आई मेरीने १९७३मध्ये नवऱ्याचा जीव परत मागितला. मोबदला काय, तर दहा वर्षांनी आमचा माणूस घरी येईल, त्याला अडवायचं नाही. म्हणजे रक्कम न भरलेला, सही केलेला चेक. २ नोव्हेंबर १९८३ला तो माणूस आला आणि तान्ह्या सॅमच्या पाळण्यापाशी मेरी जळून गेली. पुढे बापाने थोरल्यासाठी आपला आत्मा लिहून दिला. मग थोरल्याने धाकट्यासाठी आपला दिला. सगळ्या जगाला दहा वर्षांची मुदत मिळते, डीनला एकच वर्ष मिळालं. ग्राहक गरजू आहे हे एकदा कळलं की अटी कशा कडक होतात, हे ज्याने हे लिहिलं त्याला कुठल्यातरी काउंटरच्या अलीकडल्या बाजूला उभं राहून कळलं असणार. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. विदर्भातल्या एखाद्या शेतकऱ्याला ही गोष्ट सांगितली तर तो विचारील, यात अमानवी काय आहे?

सहाव्या पर्वात नरकाचा राजा क्राउली नरकाची पुनर्रचना करतो. आग, चाबूक, सांडस सगळं बंद. त्याऐवजी एक रांग. आत्मे उभे आहेत, नंबर पुढे सरकतो आहे, आणि अगदी टोकाशी पोहोचलेल्या माणसाला पुन्हा शेवटी पाठवतात. हा भाग पाहताना मी एकटाच हसलो नाही. कन्या माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमची शाखा." मी दुर्लक्ष केलं. पण दांतेलाही हे सुचलं नव्हतं, आणि त्याच्या फ्लोरेन्समध्ये तर गल्लोगल्ली सराफ होते. क्राउलीच्या नरकात सर्व्हर डाउन आहे की नाही ते दाखवलेलं नाही. एवढी दया असावी.

वरच्या कचेरीतही फार वेगळं नाही. देवाचं वचन लिहून घेणारा मेटाट्रॉन नावाचा देवदूत आहे. तो स्वतःच सांगतो की आपण कुणी मोठे नव्हतो, लेखनिकांच्या घोळक्यातून देवाने उचललं. पुढे हाच कारकून स्वर्ग बळकावतो आणि बाकीच्या देवदूतांना खाली ढकलून देतो. मालिकेतलं हे एकमेव पात्र ज्याच्याबद्दल मला आतून काही वाटलं.

बरं, मग यात ख्रिस्ती काय आहे? आमच्या शाखेत कॅशवर वसईच्या एक बाई आहेत. दर रविवारी मिस्सेला जाणाऱ्या, घरात मराठी बायबल वाचणाऱ्या. त्यांना मी जेवणाच्या सुट्टीत मालिकेचं कथानक तीन दिवस सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "फर्निचर आमच्याकडचंच दिसतंय. घर कुणाचं आहे?" ही एका ओळीत केलेली समीक्षा. पुढे मला जे दोन हजार शब्द लागताहेत ते तिच्या टिपा समजा.

चौथ्या भागात एक गंमत आहे. सैतान अंगात आलेल्या माणसासमोर 'क्रिस्टो' हा शब्द उच्चारला की त्याचे डोळे काळे होतात, असं दोघे भाऊ शोधून काढतात. ख्रिस्ताचं नाव ही पिशाच्च ओळखण्याची चाचणी, आपण पाचशेची नोट उजेडासमोर धरतो तशी. पण पुढे ही चाचणी मालिका जवळजवळ विसरूनच जाते. मग देव येतो, देवाची बहीण येते, ल्यूसिफर सहकुटुंब येतो, मिखाएल येतो, खुद्द मृत्यू येऊन पिझ्झा खातो. येत नाही तो फक्त ख्रिस्त. ३२७ भागांत एकदाही नाही. मुख्य कचेरीतले यच्चयावत साहेब तपासणीला येऊन गेले, आणि ज्याला कर्ज माफ करण्याचा अधिकार आहे तो तेवढा रजेवर, असा हा प्रकार झाला.

मराठी वाचकाला ही उणीव इतरांपेक्षा लवकर जाणवावी, कारण आपल्या भाषेने एक मोठी सोय करून ठेवली आहे. मराठी ख्रिस्ती माणूस ज्याला 'तारण' म्हणतो ती आत्म्याची सुटका, आणि बँकेत ज्याला 'तारण' म्हणतात ते कर्जापोटी ठेवलेलं सोनं. शब्द एकच. मला बँकेत लागल्यावर पहिल्या महिन्यात चर्चच्या भिंतीवर 'तारण' हा शब्द दिसला तेव्हा वाटलं, इथेही सोनं ठेवून घेतात काय! फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ साली रायतूरला छापून निघालं. परक्या मुलखातल्या माणसाने आपल्या ओवीत ही सुटकेची गोष्ट बसवली त्याला चारशे वर्षं झाली. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

मालिकेतला सगळ्यात ख्रिस्ती भाग कोणता म्हणाल, तर ज्यात एकही देवदूत नाही तो. पहिल्या पर्वातला बारावा, 'फेथ' नावाचा, जानेवारी २००६मधला. विजेचा धक्का बसून डीनचं हृदय कायमचं निकामी होतं. सॅम त्याला नेब्रास्कातल्या एका आंधळ्या धर्मोपदेशकाच्या मंडपात घेऊन जातो. उपदेशक डोक्यावर हात ठेवतो आणि माणसं बरी होतात. मंडपात लेला नावाची एक मुलगी आईबरोबर परत परत येते आहे. तिच्या मेंदूत गाठ आहे. त्या दिवशी उपदेशक तिला सोडून नेमका डीनला बोलावतो, ज्याचा या कशावर काडीइतका विश्वास नाही. डीन खडखडीत बरा होतो. आणि त्याच मिनिटाला दुसरीकडे एक धडधाकट तरुण हृदय बंद पडून मरतो.

कारण उघडकीला येतं. उपदेशक बिचारा निष्पाप आहे, हे देवच करतो आहे असं तो मानतो. पण त्याच्या बायकोने मंत्राने एका यमदूताला बांधून ठेवलं आहे. इकडे एक जीव जमा करायचा तर तिकडे एक नावे टाकायचा. कुणाच्या नावे टाकायचा ते ती ठरवते. ज्यांची वागणूक तिच्या धर्मात बसत नाही त्यांच्या. दुहेरी नोंदीची पद्धत १४९४मध्ये व्हेनिसला पहिल्यांदा छापून प्रसिद्ध करणारा लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन साधू होता, हे आम्हाला बी.कॉम.ला शिकवलं होतं. पण या बाईने ती पद्धत जिथे नेली तिथे पाचोलीही नेता ना. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, हा नियम तरी तिने पाळायचा! इथे घेणारा निराळा आणि ज्याच्या नावे पडलं त्याला पत्ताच नाही. आमच्याकडे याला अफरातफर म्हणतात आणि निलंबन होतं.

लेलाची पाळी येते तेव्हा तिच्या बदल्यात जाणारा जीव डीनचाच असतो. सॅम मंत्र मोडतो. डीन वाचतो, यमदूत त्या बाईलाच घेऊन जातो, आणि लेला बरी होत नाही. शेवटच्या प्रसंगात ती डीनला भेटायला येते. तक्रार नाही, कडवटपणा नाही. श्रद्धा ठेवायची ती चमत्कार झाला तरच असं कसं, एवढंच ती आपल्या साध्या शब्दांत सांगते. आणि प्रार्थनेची ज्याला चीड तो डीन तिला म्हणतो की मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन. पुढे तीनशेवर भागांत देवदूतांच्या किती फौजा आल्या, पण या एका मिनिटापर्यंत त्यातला एकही पोहोचला नाही.

याच्या उलट बाजूला येशूचा हिशेब मांडून बघावा. तो दृष्टान्तांतून सतत पैशाबद्दल बोलतो. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयच्या शुभवर्तमानात, पापाला शब्दच ऋण असा आहे. त्याच शुभवर्तमानात एका नोकराची गोष्ट आहे. त्याच्याकडे राजाचे दहा हजार तालांत येणे होते. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, एक दीनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. सवयीने मी गुणाकार केला: सहा कोटी दिवस. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं, सणवार वजा केले, तर दोन लाख वर्षं होतात. व्याज धरलेलं नाही. राजाने ते सोडून दिलं! पुढे हाच नोकर शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो हा गोष्टीचा उत्तरार्ध, पण मी पूर्वार्धापाशीच थांबलो. एवढं मोठं कर्ज तारणाशिवाय मंजूर कुणी केलं? त्या शाखाधिकाऱ्याचं पुढे काय झालं?

अर्थात बुडीत कर्ज पुसून टाकलं म्हणजे ते हवेत विरलं असं होत नाही, हे आमच्याकडचा शिपाईही सांगेल. ते कुणाच्या तरी नफातोट्यात बसतं. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म अकराव्या शतकाच्या शेवटी नेमक्या याच प्रश्नावर पुस्तक लिहून गेला: देणं माणसाचं, फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देवालाच माणूस व्हावं लागलं. म्हणजे धनकोनेच ऋणकोच्या नावाने पावती फाडायची. ख्रिस्ती धर्माचा गाभा हा असेल, तर 'सुपरनॅचरल'ने तो उलटा घातला आहे. इथे प्रत्येक कृपेमागे व्हाउचर आहे. नरकात पडलेल्या डीनला चौथ्या पर्वात कॅस्टिएल हा देवदूत वर काढतो. डीनला हे मुळीच मानवत नाही. माझ्यात वाचवण्यासारखं काय आहे, हा त्याचा प्रश्न. मला डीनचं हे अगदी पटलं. शेजारणीने वाटीभर खीर पाठवली तर आपण वाटी रिकामी परत पाठवत नाही. निदान साखर तरी घालतो. फुकट घेणं आपल्या रक्तात नाही. मला वाटलं, आता हा देवदूत त्याला सांगेल की बाबा रे, वाटी रिकामीच दे. पण नाही. डीनला वर काढलं ते त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं म्हणून. कृपा कसली, ती उचल होती! लेखकांना इथे एक फार मोठी गोष्ट सापडली होती आणि पुढच्या भागाच्या सोयीसाठी त्यांनी ती सोडून दिली, हा माझा मालिकेवरचा मुख्य आक्षेप.

पण चौथ्याच पर्वात ती पुन्हा त्यांच्या हाताला लागते. कॅस्टिएल ज्याच्या शरीरात राहतो तो जिमी नोव्हाक हा इलिनॉयमधला एक सामान्य माणूस. रेडिओसाठी जाहिरातींची वेळ विकायची, रात्री बायकोमुलीबरोबर प्रार्थना करून जेवायचं, एवढंच आयुष्य. देवदूताने विचारलं आणि तो हो म्हणाला. वर्षभराने शरीर परत मिळतं तेव्हा संसाराची वाताहत झालेली. शेवटी पोटात गोळी लागून तो मरायला टेकतो. देवदूत आता त्याच्या लहान मुलीच्या शरीरात शिरलेला आहे. जिमीला स्वर्ग मिळण्याची सोय झालेली आहे. देवदूत तसं सांगतोही. आणि हा माणूस म्हणतो, तिला सोड, मला घे. देवदूत बजावतो की मरण येणार नाही, म्हातारपणही येणार नाही. गेलं एक वर्ष जड गेलं ना, तशी शेकडो, कदाचित हजारो वर्षं. तरीही, मला घे.

हा प्रसंग पाहताना मी उठून पाणी प्यायला गेलो. कारण सांगायला हरकत नाही. आमचे अण्णा शाळामास्तर होते. शेजारच्या एकाला पतपेढीच्या कर्जासाठी ते जामीन राहिले. दोन वर्षांत शेजारी घर सोडून गेला आणि पुढे सात वर्षं अण्णांच्या पगारातून हप्ता कापला गेला. त्या सात वर्षांत आईची एक पाटली गेली, माझी सहल हुकली, आणि अण्णांनी नवा चश्मा केला नाही. कापलेल्या पगाराची चिठ्ठी ते घडी करून पंचांगात ठेवायचे. एकदा तो शेजारी कुठल्याशा लग्नात समोर आला. अण्णांनी त्याला मुलांची चौकशी केली आणि बासुंदी वाढायला सांगितली. आजही कुणी जामीनपत्रावर सही करायला काउंटरवर आलं की मी अटी मोठ्याने वाचून दाखवतो. तरी लोक सही करतातच. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात येशूला कराराचा जामीन म्हटलं आहे हे मला कॅशियरबाईंनी दाखवलं. 'जामीन' हा शब्द पवित्र पुस्तकात बघून मी जरा वेळ गप्पच बसलो.

पाचव्या पर्वाच्या अखेरीला, मे २०१०मध्ये, मालिका आपल्या शिखरावर जाते. ल्यूसिफरला सॅमचं शरीर हवं आहे. सॅम ते देतो, आत शिरलेल्या सैतानासकट पिंजऱ्यात उडी घ्यायची या बेताने. निसाचा ग्रेगरी नावाचा चौथ्या शतकातला एक धर्मपिता म्हणून गेला की ख्रिस्ताचं मानवी शरीर हे आमिष होतं आणि आत देवत्वाचा गळ होता. सैतान मासा, त्याने गिळलं आणि फसला. सॅमचा बेत म्हणजे हाच गळ. इथे सैतानाला गळ दिसतो आहे, पण गर्वापायी तो गिळतो, ही भर चांगली आहे. आणि सॅमला शेवटच्या क्षणी ताबा मिळतो तो कशामुळे? गाडीच्या ॲशट्रेत लहानपणी कोंबून बसवलेला प्लास्टिकचा एक शिपाई त्याला दिसतो. मंत्र नाही, क्रूस नाही. मार खाऊन तोंड सुजलेला भाऊ समोर म्हणतो आहे की मी तुला सोडून जाणार नाही, आणि ॲशट्रेत दीड इंचाचा शिपाई. हात पसरून सॅम मागे पडतो. इथे संपायला हवी होती. मूळ कर्त्याचा, एरिक क्रिपकेचा, बेत पाच पर्वांचाच होता.

पण चालत्या खात्याला कोण बंद करतो? सॅम परत येतो, तोही शरीर आलं आणि आत्मा मागे राहिला असा, म्हणजे पासबुक आलं पण बाकी आली नाही. पुढे देव हा चक नावाचा एक दारुडा कादंबरीकार निघतो आणि अखेरीस तोच खलनायक ठरतो, कारण त्याला आपल्या पात्रांची दुःखं बघण्यात गोडी आहे. यावर काही भाविक रागावले. मला राग नाही आला, कंटाळा आला. लेखकांनी आरशात बघून देव काढला की तो असाच निघायचा. ल्यूसिफरचा मुलगा जॅक शेवटी देव होतो आणि आपण कशात ढवळाढवळ करणार नाही असं जाहीर करून निघून जातो. ल्यूसिफरच्या पोटी देव जन्मतो, ही कल्पना खरं तर फार मोठी आहे. बापाचं कर्ज मुलावर येत नाही, असं तिच्यातून निघतं. वारसा हक्काच्या खटल्यांत आयुष्य घालवलेल्या आपल्या लोकांना ती आवडली असती. पण तिच्यासाठी वेळ उरला नव्हता. डीन एका लोखंडी सळईवर पडून मरतो आणि स्वर्गात जाऊन गाडी चालवतो.

कॅशियरबाईंना मी सगळी मालिका बघा असं सांगण्याच्या भानगडीत पडलो नाही. त्यांना घर आहे, संसार आहे, विरारची गाडी आहे. फक्त 'फेथ' बघा म्हटलं. त्यांनी शनिवारी पाहिला. सोमवारी कॅश उघडायच्या आधी विचारलं, "त्या लेलाचं पुढे काय झालं?"

"दाखवलं नाही," मी म्हटलं. "पंधरा वर्षांत ती परत येतच नाही."

"म्हणजे बरी झाली की नाही, काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग पुढच्या रविवारी तिचं नाव घालते मी," असं म्हणून त्यांनी बोट ओलं केलं आणि पाचशेची गड्डी मोजायला घेतली.